पडद्यावरचे घर आणि पडद्याआडचे कामगार

कौटुंबिक मालिका म्हणजे त्या त्या काळाचा आरसा, असे विधान बुद्धिजीवी वर्तुळांत सर्रास केले जाते. हा आरसा कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न मात्र सोयीस्करपणे टाळला जातो.

दूरदर्शनवर ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता. तोच नमुना सरकारने पुढे ठेवला. दारूत बुडालेला बसेसरराम, निमूटपणे सोसणारी भागवंती, नोकरीसाठी वणवण करणारा लल्लू, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी: मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीने हे घर जिवंत केले. हातावर पोट असणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावर आपल्यासारखी माणसे भेटली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु पहिल्या तेरा भागांना प्रतिसाद थंड मिळताच कुटुंबनियोजनाचा उपदेश मागे पडला. प्रायोजकाची ‘मॅगी’ मात्र घरोघर पोहोचली!

भागवंतीचे उदाहरण विशेष बोलके आहे. मुकाट सोसण्याने स्त्रीचे काय होते, हे दाखविण्यासाठी हे पात्र घडविले गेले; अनेक प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श गृहिणी मानले. यात प्रेक्षकांना अडाणी ठरविणे सोपे आहे. वस्तुतः मालिकेने तिच्या दुःखाचे सारे खापर नवऱ्याच्या व्यसनावर फोडले आणि तिच्या आर्थिक परावलंबनाकडे काणाडोळा केला. कारणच झाकले गेल्यावर सोशिकपणा हा सद्गुण वाटणार नाही तर काय?

लल्लूच्या बेकारीची गतही तीच. मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार १८ जानेवारी १९८२ पासून संपावर गेले होते. तो संप चिरडला गेला आणि हजारो संसार उघड्यावर आले. त्याच काळात पडद्यावरची बेकारी ही एका मुलाच्या नशिबाची व स्वभावाची गोष्ट बनून राहिली, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार वडिलकीच्या नात्याने समजूत घालू लागले. याहून वेगळे शक्य नव्हते, असे नाही. सईद मिर्झा व कुंदन शाह यांच्या ‘नुक्कड’ने १९८६ मध्ये रस्त्यावर पोट भरणाऱ्यांनाच नायक केले होते.

१९९१ च्या आर्थिक धोरणांनंतर निम्नमध्यमवर्गीय घराचीही पडद्यावरून उचलबांगडी झाली. २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ अवतरली ती उद्योगपती विराणींच्या हवेलीत. कारखाना कोठे आहे, तेथे कोण राबतो, याचा पत्ता नाही. वारसाहक्काचे तंटे मात्र वर्षानुवर्षे. विवाहांतर्गत बलात्काराचा प्रश्न या मालिकेने मांडला, हे खरे. पण उत्तर काय, तर तुळशीने स्वतःच्या मुलावर झाडलेली गोळी! कायदा, स्त्रियांची संघटना, चळवळ यांना हवेलीच्या फाटकातून प्रवेश नव्हता.

ही मालिका नोव्हेंबर २००८ च्या पहिल्या आठवड्यात संपली. त्याच महिन्यात मुंबईतील चित्रपट व मालिकांच्या कामगारांनी संप पुकारला. प्रकाशयोजनेचे दिवे वाहणारे, नेपथ्य ठोकणारे, रंगभूषा करणारे हात थांबले, आणि बलाढ्य वाहिन्यांना हवेल्यांतील जुनेच भाग पुन्हा दाखवीत बसावे लागले.