इंटरनेट घरात राहतं की अब्बांबरोबर बाहेर जातं? पूर्णा परिसरातल्या बिनवायरच्या वाय-फायचा हिशेब

मे 2025 मध्ये दहावीचा निकाल लागला आणि अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन करायचं ठरलं. 21 मेला नोंदणी सुरू व्हायची होती, पण पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं आणि नोंदणी 26 मेवर गेली. त्या आठवड्यात आमचा फोन सारखा वाजत होता. एक फोन पूर्णा गावातल्या एका चाळीतून आला. बोलत होती आमची विद्यार्थिनी, पण मोबाइल शेजारणीचा. फॉर्म भरायचा होता, कॉलेजांची पसंती टाकायची होती. घरात जुना स्मार्टफोनही होता, नव्हतं ते इंटरनेट. ते अब्बांच्या मोबाइलमध्ये होतं आणि अब्बा गोदामात ड्युटीवर. रात्री साडेनऊला ते घरी येऊन हॉटस्पॉट लावायचे तेव्हा घरात इंटरनेट यायचं, आणि सकाळी सातला त्यांच्याबरोबर निघून जायचं.

आपल्या वस्तीत अशी घरं किती, हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत मोजून पाहावं. गेली तीन-चार वर्षं 'वायरशिवाय वाय-फाय' म्हणून जी जाहिरात चालली आहे तिच्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो. वेग किती, सिनेमे किती, हे नंतर बघू. दिवसा, अब्बा कामावर असताना, घरात इंटरनेट असेल की नाही?

आधी आपल्या भागाची गंमत बघा. ठाण्याहून भिवंडीला येताना कशेळी, काल्हेर, पूर्णा, मग अंजूरफाटा. महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरचा हा पट्टा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं. 2017 मध्ये जीएसटी आला, कंपन्यांनी राज्याराज्यातली छोटी गोदामं बंद करून मोठी बांधायला घेतली, तेव्हापासून ही गर्दी आणखी वाढली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5 वर पूर्णा नावाचं स्टेशनही ठरलेलं आहे. देशभरातून ऑनलाइन मागवलेला माल इथून जातो. गोदामाच्या ऑफिसात फायबरची वायर असते, कारण तिच्याशिवाय एक पार्सलही स्कॅन होणार नाही. त्याच गोदामाच्या मागच्या चाळीत, जिथे माल उचलणारे राहतात, तिथे वायर नसते. वायर टाकणारा गिऱ्हाइकं मोजतो. चाळीत भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर, आज आहेत उद्या नाहीत, आधार कार्डावर पत्ता गावचा. कुठे खांब नाही, कुठे जागामालक वायर नेऊ देत नाही, कुठे एका केबलवाल्याच्या 'एरिया'त दुसरा पाय ठेवत नाही. आणि वायर आली तरी रस्त्याचं खोदकाम निघालं की तुटते. एकदा तुटलेली वायर जोडून मिळेपर्यंत आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी अकरा दिवस गेले.

1 ऑक्टोबर 2022 ला देशात 5जी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी याला एक पर्याय निघाला. ऑगस्ट 2023 मध्ये एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत, 19 सप्टेंबर 2023 ला जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत 'एअरफायबर' आणलं. नावात फायबर आहे, पण घरापर्यंत फायबर येत नाही. फायबर टॉवरपर्यंत येतं आणि टॉवरपासून घरापर्यंत मोबाइलसारखाच रेडिओ सिग्नल. छतावर किंवा बाहेरच्या भिंतीवर एक डबा बसवतात, तो सिग्नल पकडतो. तिथून एक छोटी वायर आत येते आणि आतला राउटर घरभर वाय-फाय देतो. मोबाइलपेक्षा यात फायदा इतकाच की डबा उंचावर, मोकळ्यावर आणि एका जागी असतो, त्याचा अँटेना मोठा असतो.

मोकळ्यावर, हा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा. आपल्याकडे घरावर पत्रा आणि शेजारी पत्र्याचं गोदाम. लोखंडी पत्रा रेडिओ लहरी अडवतो. म्हणून खोलीत मोबाइलवर एक दांडी दिसते आणि दारात आलं की चार. बाहेरचा डबा ही अडचण बरीच सोडवतो, पण टॉवर आणि घर यांच्यामध्ये उंच गोदाम उभं राहिलं तर तोही हतबल. इंस्टॉल करायला आलेला मुलगा घाईत असतो. त्याला दाराजवळच्या सोयीच्या भिंतीवर डबा ठोकू देऊ नका, वर चढून तपासायला लावा. भाड्याची खोली असेल तर मालकाला आधी विचारा. पत्र्याला भोक पाडल्यावर विचारलं तर पावसाळ्यात भांडण ठरलेलं.

आता पैशांचं, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो.

जिओने सुरुवातीला जाहीर केलेला सर्वात स्वस्त प्लॅन महिन्याला 599 रुपयांचा होता, वेग 30 एमबीपीएस. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 707. बसवण्याचे 1000 वेगळे, वर्षाचे पैसे एकदम भरले तर ते माफ. एअरटेलचा सुरुवातीचा दर 799 होता, वेग 100 एमबीपीएस, आणि डबा परत करेपर्यंत 2500 रुपये अनामत. हे दर बदलत राहतात, ऑफर येतात-जातात. बुक करताना कर आणि अनामत धरून शेवटचा आकडा किती, एवढं स्पष्ट विचारा.

दुसऱ्या बाजूला मोबाइलचे रिचार्ज. जुलै 2024 मध्ये सगळ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज 2 जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 299 वरून 349 झाला. घरात तीन फोन असतील आणि तिन्हींवर हा प्लॅन, तर 1047 रुपये. वाय-फाय घेतलं म्हणून फोनचा रिचार्ज काही थांबत नाही, कॉल तर करायचेच. पण डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे स्वस्त प्लॅन देणं बंधनकारक केलं. जिओने 84 दिवसांचा असा प्लॅन 448 ला काढला, म्हणजे 28 दिवसांचे साधारण 149. दुकानदार हा प्लॅन स्वतःहून दाखवत नाही, मागावा लागतो. तर अब्बांच्या फोनवर डेटा राहू द्या, बाकी दोघांचा फक्त कॉलचा, आणि घरात 707 चं वाय-फाय: बेरीज 1354. तीन फोनच्या घराला महिन्याला तीनशे रुपये जास्तच पडतात. कंपनीचा माणूस 'बचत होते' म्हणून सांगेल, पण त्याने ही बेरीज केलेली नसते.

पाच फोनचं घर घेतलं, आणि आपल्याकडे दोन भावांचं एकत्र कुटुंब असलं की पाच सहज होतात, तर चित्र पालटतं. पाच फोन गुणिले 349 म्हणजे 1745. त्याऐवजी एका फोनवर डेटा, चारांवर फक्त कॉल आणि वाय-फाय धरून साधारण 1652. म्हणजे जवळजवळ बरोबरी, आणि वर दिवसभर घरात इंटरनेट. मर्यादा रोज 2 जीबीऐवजी महिन्याला 1000 जीबीच्या आसपास. ती ओलांडली की वेग पार खाली येतो, पण अभ्यास करून कोणी ती ओलांडत नाही.

ज्यांना 707 झेपत नाहीत त्यांनी गप्प बसायचं का? नाही. आमच्या मते अशा घरांसाठी सर्वात सोपा उपाय म्हणजे एक सिम घरी ठेवणं. जुना फोन खिडकीत, जिथे दांड्या पूर्ण दिसतात तिथे, हॉटस्पॉट सुरू करून ठेवायचा. अब्बांचा फोन खुशाल त्यांच्याबरोबर जाऊ दे. 349 च्या प्लॅनमध्ये रोज 2 जीबी. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला अर्धा ते पाऊण जीबी घेतो, म्हणजे तीन तासांचा अभ्यास निघतो. फोन 5जीचा आणि भागात 5जी असेल तर याच प्लॅनवर 5जीची मर्यादा लागत नाही. फक्त फोन चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवू नका. बॅटरी फुगते, आणि पत्र्याखालच्या मे महिन्याच्या उकाड्यात तर तो धोकाच. थोडे पैसे असतील तर सिम घालायचा 4जी राउटर मिळतो. तो एकदाच विकत घ्यायचा, कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा बघून घ्यायचा, आणि खोली बदलली की पिशवीत घालून न्यायचा. एअरफायबरचं तसं नाही. ते एका पत्त्यावर दिलेलं असतं, घर बदललं की कंपनीला कळवून हलवावं लागतं. वीज गेली की यातलं काहीच चालत नाही, खिडकीतला फोन सोडला तर. राउटरसाठी छोटे यूपीएस बाजारात मिळतात, परीक्षेच्या दिवसांत त्याचा उपयोग कळतो.

एवढा हिशेब करूनही काही घरांत वाय-फाय येत नाही, आणि त्याचं कारण पैसा नसतो. पालक आम्हाला शाळेच्या फाटकात गाठून हळूच विचारतात, 'घरात नेट दिलं तर मुलगी बिघडणार तर नाही?' मुलाबद्दल हा प्रश्न आम्हाला फार कमी वेळा विचारला गेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष देशात 57.1 टक्के होते आणि स्त्रिया 33.3 टक्के. हे अंतर टॉवरमुळे पडत नाही. टॉवर स्त्री-पुरुष पाहत नाही.

केरळमधल्या फहीमा शिरीनचा खटला इथे आठवतो. कोळिकोड जिल्ह्यातल्या कॉलेजात ती बी.ए. शिकत होती. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायचा नाही असा नियम होता. तिने तो मानला नाही, तिला बाहेर काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. 19 सप्टेंबर 2019 ला न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरता येणं हे शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं नोंदवलं. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला आणि ज्या मोबाइलवर शाळा बंदी घालत होत्या त्याच मोबाइलवर त्यांना वर्ग भरवावे लागले.

पालकांची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. आम्हीही मुलांचे आई-बाप आहोत. पण रजईखाली चालणाऱ्या फोनपेक्षा बाहेरच्या खोलीतला राउटर बरा. तो सर्वांसमोर असतो आणि रात्री अकराला बटण दाबून बंद करता येतो. नियम करायचाच तर मुला-मुलीला एकच करा.

शेजाऱ्याला पासवर्ड देण्याबद्दलही बोललं पाहिजे. चाळीत एकाने कनेक्शन घ्यायचं आणि चार घरांनी पैसे वाटून भरायचे, ही पद्धत स्वस्त वाटते. पण कनेक्शन ज्याच्या नावावर, त्यावरून झालेल्या प्रत्येक गोष्टीचा पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. कोणाच्या मुलाने रात्री काय फॉरवर्ड केलं ते तुम्हाला ठाऊक नसेल, आणि चौकशीला बसल्यावर 'शेजाऱ्याचं होतं' हे सिद्ध करत बसाल. आपल्या वस्त्यांमध्ये हे जास्त जपायला हवं. का, ते वाचकांना सांगायला नको. पासवर्ड मोबाइल नंबर किंवा मुलाचं नाव ठेवू नका, आणि डब्याखाली छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

वाटून घ्यायचंच असेल तर कायदेशीर रस्ता आहे. 9 डिसेंबर 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, झेरॉक्सवाला परवाना किंवा फी न भरता आपल्या दुकानातून वाय-फाय विकू शकतो, आणि वापरणाऱ्याची नोंद यंत्रणेत राहते. योजना अपेक्षेइतकी पसरली नाही. एक मोठी अडचण अशी की कंपन्या या दुकानदारांकडून घरगुती जोडणीच्या कितीतरी पट दर मागत. जून 2025 मध्ये ट्रायने त्याला लगाम घातला: 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. पूर्णा, काल्हेरच्या गल्ल्यांत अशी चार दुकानं निघाली तर रोज पाच-दहा रुपये देऊ शकणाऱ्यांची सोय होईल. शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्यांना आम्ही हे सांगून पाहिलं आहे. दोघांनी ऐकून घेतलं, एकाने कागद मागितले.

आणि हे फक्त मुलांच्या अभ्यासाचं राहिलेलं नाही. 6 जून 2025 ला वक्फ मालमत्तांसाठी उमीद पोर्टल सुरू झालं, सहा महिन्यांत सगळे तपशील चढवायचे होते. शेवटच्या दिवसांत मशिदी आणि कब्रस्तानांचे विश्वस्त कागदांचे गठ्ठे घेऊन सायबर कॅफेत बसलेले आम्ही पाहिले. तिथे अडचण डाउनलोडची नव्हती, अपलोडची होती. बिनवायरच्या इंटरनेटमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि जाहिरातीत तो आकडा नसतो. ज्यांना घरून कागद, फोटो, शिवणकामाचे किंवा मेंदीचे व्हिडिओ वर चढवायचे आहेत त्यांनी तो नक्की विचारावा.

बुक करण्याआधी एक करा. त्याच कंपनीचं सिम असलेला फोन घेऊन रात्री नऊला गच्चीवर किंवा जिन्याच्या टोकावर जा आणि वेग मोजा. दुपारी तीनला मोजलेल्या वेगावर भरवसा ठेवू नका. रात्री सगळी चाळ घरी परतते आणि टॉवर सगळ्यांत वाटला जातो. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा आणि रमजान एकत्र येत आहेत. तरावीहनंतर अख्खी वस्ती मोबाइलवर असेल तेव्हा वेग किती राहतो, तो खरा आकडा.

त्या विद्यार्थिनीच्या घरी अजून एअरफायबर नाही. जुना फोन खिडकीच्या गजाला प्लास्टिकच्या टोपलीत टांगलेला आहे, त्यात नवं सिम. अब्बा रिचार्ज भरतात आणि दर महिन्याला विचारतात, एवढं नेट जातं कुठे. ती सध्या अकरावी सायन्सला आहे आणि उत्तर दाखवायला वही पुढे करते.