यंत्रालाही पाहुणचार यावा

जयविलास महालातील चांदीची आगगाडी लष्करातल्या जुन्या मराठी घरांना नव्याने सांगायला नको. मेजवानीच्या लांब मेजावर रूळ, त्यांवरून मद्याच्या सुरया घेऊन फिरणारी ती चिमुकली गाडी! कौतुक होते ते चांदीचे. माझ्या मते तिचा खरा गुण निराळाच आहे. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे. जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. प्रथमच आलेल्या पाहुण्यालाही कुणी काही शिकवावे लागत नसे.

हे आठवण्याचे कारण, स्थानकांवर, बँकांत, संग्रहालयांत आता बोटाने चालवायचे पडदे उभे राहिले आहेत. मध्यंतरी एका कचेरीत एक वृद्ध गृहस्थ अशाच पडद्यापुढे खोळंबले होते. बोट कोठे ठेवावे ते कळेना; मागची रांग चुळबुळू लागली. शेवटी “आम्हांला नाही जमायचं हे,” असे म्हणून ते बाजूला झाले. चूक यंत्राची आणि शरम माणसाला! हा न्याय आपण मुकाट्याने का पत्करावा?

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली पुस्तक लिहून हेच बजावले. साधे दार ढकलायचे की ओढायचे, हे पाटी लावून सांगावे लागत असेल, तर दोष दाराच्या घडणीचा. फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम उघडले, तेथे ‘हात लावू नये’ ऐवजी हात लावण्याचेच निमंत्रण होते. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्रही त्याच वाटेने गेले.

मग आपल्याकडे काय व्हावे? पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न असावा. दाबायची जागा दाबण्याजोगी दिसावी. बोट लागताच काही तरी उजळावे. नाही तर माणूस तीनतीनदा दाबत बसतो. मागे फिरण्याची वाट नेहमी एकाच कोपऱ्यात असावी. अक्षर मोठे असावे, आणि चाकाच्या खुर्चीवरल्या माणसाचाही हात पोहोचावा. ग्वाल्हेरात हिंदी-इंग्रजीच्या शेजारी मराठीला जागा दिली, तर बिघडेल काय?

कुणी म्हणेल, शेजारी एक मदतनीस उभा केला की झाले. मदतनीस जरूर असावा; पण तो जेवायला गेला म्हणजे पडदा पुन्हा मुका! त्यापेक्षा उद्घाटनापूर्वी महाराज बाड्यावरच्या दहा अनोळखी माणसांना पडद्यापुढे उभे करावे, आणि तो घडवणाऱ्यांनी तोंडातून अवाक्षर न काढता नुसते पाहावे. कोण कोठे अडतो ते टिपून पडदा सुधारावा, मगच फीत कापावी.

राजाच्या मेजावर मोजक्या पाहुण्यांसाठी जी सोय सुचली, ती चव्हाट्यावरच्या हजारोंसाठी का सुचू नये? ते कुणाचे आश्रित नाहीत. त्यांच्याच पैशाने हे पडदे उभे राहतात.