भीती वाटते, हे सांगायला आपण का लाजतो?

एप्रिल २०२१ पासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज येत होते: 'बेड मिळेल का?' आणि 'भावपूर्ण आदरांजली'. कधी कधी तर एकाच माणसासाठी, दोन दिवसांच्या अंतराने.

२०२१ ची भीमजयंती आपण घरातच केली. त्याच रात्री ८ वाजता राज्यात संचारबंदी लागली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. बेड मिळालेला माणूसही वाचेलच असे नाही, हे त्या दिवशी कळले. त्यामुळे मनातली भीती हा दुबळेपणा नाही, तिला कारण आहे. त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे.

पण स्वतःच्या भीतीशी कसे वागायचे, हे आम्ही कार्यकर्ते शिकलोच नाही. फोन लावायचे, सिलिंडर शोधायचे, नातेवाईक घाबरले तर स्मशानात आपण जायचे, हे जमते. रात्री घरी आल्यावर मात्र जरा घसा खवखवला तरी झोप उडते. ज्याला बेड मिळवून देता आला नाही, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. हे कुणाला सांगायची सोय नाही. 'तू तर शिबिर करून आलास ना?' असे कुणीतरी म्हणणारच. (विपश्यना केली की माणूस दगड होतो, हा समज कुठून आला कोण जाणे.)

भीती लपवली की आजारही लपवला जातो. आमच्या ओळखीत ताप अंगावर काढणारे, टेस्ट टाळणारे बरेच जण बेफिकीर नव्हते, घाबरलेले होते.

मैत्री भावनेची सुरुवात स्वतःपासून करावी, असे बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सांगितले आहे. आम्ही ती पायरी गाळून थेट सकल प्राणिमात्रांकडे धावतो. मरणस्सतीचेही तसेच. दिवसभर मोबाईलवर आदरांजलीच्या पोस्ट पाहत बसणे म्हणजे मरणस्सती नव्हे; त्याने फक्त जीव गुदमरतो.

आणि किसा गोतमी. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या त्या आईला बुद्धांनी प्रवचन दिले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही, तिथली मोहरी आणायला सांगितली. मरण अटळ आहे, एवढेच आपण या कथेतून घेतो. पण ती दारोदार गेली आणि प्रत्येक घराने तिला आपले दुःख सांगितले, हे विसरतो. २०२१ मध्ये तीच दारे बंद होती. पुण्यानुमोदनालाही चार माणसे जमत नव्हती.

२६ मे २०२१ ला बुद्धपौर्णिमा होती. वंदना ऑनलाइनच होणार होती. ती संपली की लगेच बाहेर पडायचे नव्हते. अर्धा तास थांबायचे, गेलेल्यांची नावे घ्यायची, ज्याला भीती वाटते त्याने ती सांगायची, असे आवाहन होते. मध्येच उपदेश कुणी करायचा नव्हता. आणि महिनाभर रात्री फोन उचलणाऱ्यांनी त्या रात्री आपला फोन दुसऱ्याकडे द्यायचा आणि झोपायचे होते. पाळ्यांची यादी आम्ही करत होतो.