आत्याला इंग्रजीत काय म्हणायचे?

इंग्रजीच्या तासाला ‘माय फॅमिली’ हा पाठ ठरलेला असतो. वडील, आई, भाऊ, बहीण, आजी, आजोबा अशी चित्रे दाखवली जातात आणि मुले एका सुरात शब्द म्हणतात. मग एखादी मुलगी विचारते, ‘आत्याला काय म्हणायचं?’ उत्तर येते, ‘आंट’. मावशीला? ‘आंट’. काकूला आणि मामीला? तेही ‘आंट’. वर्ग हसतो आणि पाठ पुढे सरकतो. खरे तर तिच्या प्रश्नापासूनच शिकवायला सुरुवात व्हायला हवी. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू होऊन आता दोन दशके उलटून गेली आहेत. तरी घरातली माणसे आणि घरातले कार्य इंग्रजीत कसे सांगायचे, हे अनेक मुलांना जमत नाही.

शब्द कमी का पडतात?

इंग्रजी नातेशब्दात ती व्यक्ती आईकडची की वडिलांकडची, हे सहसा कळत नाही. मराठीत ते पहिल्याच शब्दात कळते. चुलत, आते, मामे आणि मावस अशा चारही प्रकारच्या भावाबहिणींना तिथे एकच ‘कझिन’ पुरतो. ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हटले तर ती नणंद, जाऊ, वहिनी किंवा मेहुणी, कुणीही असू शकते.

या शब्दांमागे लग्नाच्या रीती आहेत. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी आहे. अशा लग्नात नवऱ्याची आई ही नवरीची सख्खी आत्या असते. नाते नसतानाही सासूला ‘आत्या’ म्हणण्याची पद्धत अनेक घरांत आहे, तिचा संबंध या रूढीशी जोडला जातो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात नातेशब्द आणि विवाहरीती यांची सांगड सविस्तर मांडली आहे.

समारंभांचे भाषांतर कुठे फसते?

डोहाळजेवण म्हणजे ‘बेबी शॉवर’, असे सर्रास सांगितले जाते. बेबी शॉवरमध्ये येणाऱ्या बाळासाठी वस्तू भेट देतात. डोहाळजेवणात कौतुक होते ते गरोदर बाईचे. तिची ओटी भरतात आणि तिला आवडीचे जेवू घालतात. बारशाला ‘ख्रिसनिंग’ म्हटले तर गोंधळ आणखी वाढतो, कारण ख्रिसनिंग हा चर्चमधला धार्मिक संस्कार आहे. बारशात बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो.

एकाच वर्गात रीतीही अनेक असतात. कुणाच्या घरी बारसे होते, कुणाकडे अकीका, कुणाकडे बाप्तिस्मा. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाआधी वधूवरांना नारळाचे दूध लावण्याचा ‘रोस’ होतो. तो आणि हळद यांतले साम्य व फरक मुलांनी इंग्रजीत सांगणे हा उत्तम सराव ठरेल.

फॉर्म भरताना काय बिघडते?

‘मिडल नेम’ या रकान्यात मराठी माणूस वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहितो. ब्रिटनमध्ये ते सहसा त्या व्यक्तीचेच दुसरे नाव असते. हा फरक कळला नाही, तर परदेशी अर्ज भरताना अडायला होते. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव घालण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. तिकडेही रीती बदलत आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहनोंदीत वधूवरांच्या वडिलांबरोबर आईचेही नाव लिहिण्याची सोय मे २०२१ मध्ये झाली. हे दोन बदल शेजारी ठेवले, तर नावांवरचा एक चांगला पाठ तयार होतो.

मग शिकवायचे कसे?

मूळ शब्द ठेवायचा आणि अर्थ इंग्रजीत सांगायचा. ‘शी इज माय आत्या, माय फादर्स सिस्टर,’ हे वाक्य शुद्ध इंग्रजी आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने २०१७ मध्ये ‘अण्णा’ आणि ‘अब्बा’ हे शब्द घेतले. मग वहीतल्या ‘आत्या’वर लाल रेघ मारण्याचे कारण उरत नाही. मुलांनी आजीला बारशाबद्दल मराठीत विचारावे आणि वर्गात येऊन पाच वाक्ये इंग्रजीत सांगावीत. ‘माय फादर इज...’ अशी पाठ केलेली दहा वाक्ये म्हणण्यापेक्षा त्यात भाषा जास्त वापरली जाते.

सावध कुठे राहावे?

‘फॅमिली’ म्हणजे आई, वडील आणि दोन मुले, असे चित्र प्रत्येकाच्या घराचे नसते. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील बाहेर आणि मूल आजीजवळ, असे अनेक घरांत असते. कुणाची आई एकटीच घर चालवते. अशा मुलाला ‘आय लिव्ह विथ माय ग्रँडमदर’ हे वाक्य आधी शिकवायला हवे, म्हणजे त्याला खोटे वाक्य पाठ करावे लागणार नाही. रीती सांगताना त्या सगळ्याच गोड असल्याचा आव नको. डोहाळजेवणातल्या पेढा-बर्फीच्या खेळात मुलगा की मुलगी, हे गमतीने ओळखतात. त्या गमतीत मुलाचीच वाट पाहिली जाते का, हा प्रश्न मोठ्या वर्गात विचारता येतो. ‘डाउरी’ हा शब्द शिकवताना हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याच तासाला सांगायला हवे.

इंग्रजी शिकताना आपले घर दाराबाहेर ठेवावे लागते, असे मुलांना वाटू लागले की ती वर्गात बोलायची थांबतात. त्या मुलीला ‘आंट’ हा शब्द जरूर द्यावा. पण त्यानंतर तिलाच विचारावे, ‘तुझी आत्या कोण, ते आम्हाला इंग्रजीत सांगशील?’