रंगावर जाऊ नका, प्लेट पालथी करून बघा

आमच्या मामूंची जुनी टाटा सुमो आहे. तिच्या भाड्यावर घर चालतं. गेल्या पावसाळ्यात कुंभार्ली घाटात इंजिन नुसतं ओरडू लागलं, गाडी मात्र चढेना, वर जळका वास. मिस्त्री म्हणाले, क्लच प्लेटबरोबर प्रेशर प्लेटही गेली. नव्या प्लेटचा भाव ऐकून मामूंनी रीकंडिशन प्लेट घेतली. काळा चकचकीत रंग, दुकानदाराचं गोड बोलणं. दोन महिन्यांत गाडी पुन्हा गॅरेजमध्ये! उघडून बघितलं तर ती जुनीच प्लेट, फक्त रंग मारलेली. प्लेटचे पैसे गेले, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा पडली, आणि आठ दिवस भाडं बुडालं.

म्हणून रीकंडिशन प्लेट घेऊच नये असं नाही. नीट बनवलेली प्लेट पूर्ण खोलतात, तिचं तोंड मशीनवर सपाट करतात, कमजोर स्प्रिंग बदलतात आणि दाब तपासतात. अशी प्लेट चांगली चालते. फक्त दुकानातच चार गोष्टी पाहून घ्या.

प्लेट पालथी करा. घासणाऱ्या तोंडावर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर परत द्या. तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरा. खालून उजेड दिसला तर प्लेट वाकलेली आहे. मधल्या स्प्रिंगची बोटं एका उंचीत हवीत, टोकं झिजलेली नकोत. रिव्हेट हलता कामा नयेत.

जुनी प्लेट सोबत न्या. व्यास आणि बोल्टची भोकं जुळल्याशिवाय ती बदल्यात देऊ नका.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदला, फ्लायव्हील तपासून घ्या. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर नवा क्लचही सरकेल. बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायला सांगा.

नव्या आणि रीकंडिशन प्लेटच्या भावात फरक थोडाच असेल तर नवीच घ्या. मजुरी दोन्हीला तेवढीच लागते. रीकंडिशन घेतलीत तर बिलावर तसं लिहून घ्या, गॅरंटीचे दिवसही. मालाचा ऐब सांगून विकणारा दुकानदार हे लिहून द्यायला कचरत नाही. मामूंकडे बिल नव्हतं, म्हणून भांडायलाही जागा उरली नाही.