विहिरीतला पाव आणि विहिरीतले विष

वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी एक कथा महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पोर्तुगीज पाद्र्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने ते पाणी प्यायले आणि सारे गाव बाटले! धर्मांतराचा इतिहास इतका सोपा नसतो. पण आज आम्हांला त्या कथेची सत्यासत्यता तपासायची नाही. आम्हांला कुतूहल आहे ते त्या कथेमागील समजुतीचे. पावाचा तुकडा पाण्यात पडला की घटकाभरात विरघळतो, मासे त्याचा फडशा पाडतात, दुसऱ्या दिवशी त्याचा मागमूसही उरत नाही. तरीही ते पाणी कायमचे बाटले आणि ते पिणाराही कायमचा बाटला, असे समाजाने मानले. पुढे 1927 साली महाडच्या चवदार तळ्याला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांच्या ओंजळीचा स्पर्श झाला, तेव्हा त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते, असे मानणाऱ्या समाजाचे आम्ही वारस आहोत.

पाण्याच्या शुद्धाशुद्धतेविषयी इतका हळवा असलेला हा समाज, पाणी खरोखरच आणि खरोखरच कायमचे बाटू लागले असताना मात्र स्वस्थ बसला आहे. आमचा सवाल या स्वस्थतेला आहे.

कार्बन आणि फ्लोरिन या दोन मूलद्रव्यांची सांगड घालून माणसाने हजारो कृत्रिम रसायने निर्माण केली आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ‘पीफास’ म्हणतात. 1938 साली अमेरिकेत टेफ्लॉनचा शोध लागला आणि या कुळाचा संसार वाढीस लागला. न चिकटणारा तवा, पाणी न शोषणारे कापड, तेल न झिरपणारा कागद, आग विझवणारा फेस अशा कितीतरी वस्तूंतून ही रसायने घरोघरी पोहोचली. सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट बंधांत कार्बन-फ्लोरिनच्या बंधाची गणना होते. ऊन, पाऊस, माती, जिवाणू यांपैकी कोणालाही तो सहजासहजी तोडता येत नाही. म्हणूनच जग त्यांना ‘कायमची रसायने’ म्हणते. पाणी उकळल्याने ती जात नाहीत; उलट पाणी आटते आणि ती तेवढीच राहतात. त्यांतली काही एकदा शरीरात शिरली की वर्षानुवर्षे रक्तात मुक्काम करतात. मातेच्या उदरातील गर्भापर्यंत आणि तिच्या दुधावाटे तान्ह्या बाळापर्यंत पोहोचतात. या कुळातील सारीच रसायने सारखी घातक आहेत असे कोणी म्हणत नाही. परंतु चिवटपणा हा साऱ्या कुळाचाच गुण आहे.

आमच्या पुराणांत चिरंजीव सात आहेत. परशुरामाचे चिरंजीवित्व हे भूषण मानले जाते, तर अश्वत्थाम्याचे चिरंजीवित्व हा शाप. भळभळती जखम घेऊन तो युगानुयुगे भटकतो आहे, असे आजीने आम्हांला सांगितले होते. प्रयोगशाळेत जन्मलेला हा आठवा चिरंजीव अश्वत्थाम्याच्या जातीचा आहे. फरक इतकाच की येथे जखम त्याच्या कपाळी नाही, आमच्या लेकरांच्या रक्तात आहे.

हे काही आमचे अरण्यरुदन नव्हे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट नावाचा शेतकरी होता. ओढ्याचे पाणी पिऊन त्याच्या गाई एकापाठोपाठ एक मेल्या. 1998 साली त्याने रॉबर्ट बिलॉट या वकिलाचे दार ठोठावले. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात उघड झाले की, टेफ्लॉन बनवणाऱ्या ड्यूपाँ कंपनीला ‘पीएफओए’ या आपल्या रसायनाचे धोके अनेक वर्षे ठाऊक होते आणि शेजारची गावे मात्र अंधारात होती. सुमारे 69,000 लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. 2011 आणि 2012 या वर्षांत शास्त्रज्ञांच्या मंडळाने मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा दाह, गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल या सहा व्याधींशी त्या रसायनाचा संबंध संभवनीय असल्याचा निष्कर्ष दिला. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘पीएफओए’ला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम अशी ठरवली. म्हणजे किती? पाच कोटी लिटर पाण्याच्या तलावात अवघे चार थेंब!

आता इटलीकडे वळू. कारण तेथून निघालेली वाट थेट आमच्या कोकणात येते. उत्तर इटलीतील विचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तेथे मितेनी या कंपनीचा कारखाना अनेक दशके हीच रसायने तयार करीत होता. 2013 साली लोकांना कळले की, विचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ या तीन प्रांतांतील भूजलात ती रसायने उतरली आहेत. सुमारे साडेतीन लाख माणसांना त्याची झळ पोहोचली. मुलांच्या रक्ताचे अहवाल हाती आले, तेव्हा तेथील माता रस्त्यावर आल्या. त्या काही शास्त्रज्ञ नव्हत्या, पुढारीही नव्हत्या. आपल्या हाताने पेल्यात पाणी ओतून लेकरांना पाजले, या एका विचाराने त्यांची झोप उडाली होती. 2018 साली कारखान्याचे दिवाळे वाजले. 26 जून 2025 रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने पंधरापैकी अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवले आणि त्यांना एकूण 141 वर्षांच्या कारावासाची शिक्षा फर्मावली. वरच्या न्यायालयाचे दार त्यांना मोकळे आहे. पण पाणी नासवणे हा हिशेबातील चूक नसून गुन्हा आहे, एवढे त्या निकालाने जगाला सांगितले.

आणि त्या कारखान्याच्या यंत्रांचे काय झाले? ती भंगारात गेली असतील, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. 2019 साली त्यांचा लिलाव झाला. आमच्याच राज्यातील एका रसायन उद्योगसमूहाच्या उपकंपनीने ती विकत घेतली. जहाजांत भरून ती भारतात आली आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत फ्लोरिनयुक्त रसायनांच्या उत्पादनासाठी उभी राहिली. चिरंजीव परशुरामाच्या नावाच्या वसाहतीत या नव्या चिरंजीवाचे बिऱ्हाड आले! ज्या व्यवसायाच्या अपराधांबद्दल इटलीत माणसांना तुरुंगवास फर्मावला गेला, त्याच व्यवसायाच्या यंत्रांना आमच्याकडे लाल पायघड्या मिळाल्या.

येथे आम्ही शब्द जपून वापरतो. लोट्याच्या पाण्यात या यंत्रांमुळे विष उतरले आहे, असा आरोप आम्ही करीत नाही. तो करायला पुरावा लागतो आणि पुरावा तपासणीतूनच मिळतो. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. यंत्रे सुरू होण्यापूर्वी आसपासच्या विहिरींचे, बोअरवेलचे, खाडीचे पाणी या रसायनांसाठी तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले काय? कामगारांचे रक्त तपासले काय? आज हे केले नाही, तर वीस वर्षांनी कोणी माता अहवाल घेऊन न्यायालयात उभी राहील, तेव्हा ‘हे पूर्वीपासूनच होते’ असे सांगून तिला वाटेला लावणे किती सोपे जाईल! दाभोळ खाडीच्या काठच्या भोई समाजाला असली उत्तरे नवीन नाहीत. खाडीत मासे मरून तरंगतात, नमुने नेले जातात, आश्वासने मिळतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा मासे तरंगतात.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘सर्व नियमांचे पालन होत आहे.’ कोणत्या नियमांचे? आमच्या देशात पिण्याच्या पाण्याची शुद्धता 10500 क्रमांकाच्या भारतीय मानकावर पारखतात. 2012 च्या त्या मानकात आर्सेनिक आहे, शिसे आहे, पारा आहे, कीटकनाशके आहेत. पीफासचे नाव नाही. ज्या चोरीला कायद्यात नावच नाही, ती न केल्याचे प्रशस्तिपत्र कोणालाही मिळेल. कुंपणच घातले नाही, मग ते ओलांडले नाही याचा अभिमान कसला?

दुसरे उत्तर रोजगाराचे. कोकणातील तरुण मुंबईच्या खुराड्यांत आयुष्य काढतो, त्याला गावात भाकर मिळते आहे, तर तुम्ही आडवे का येता? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. रिकाम्या हातांचे दुःख धर्मग्रामात वावरणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना ठाऊक आहे. परंतु त्रिस्सिनोचा अनुभव सांगतो की, रक्तात या रसायनांचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते त्या कारखान्याच्या कामगारांत. भाकर द्यायची आणि तिच्यासोबतचे पाणी नासवायचे, याला रोजगार म्हणत नाहीत.

तिसरे उत्तर अधिक चतुर आहे. ‘जेथे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बाया मैलभर चालतात, तेथे चार नॅनोग्रॅमची चर्चा हे श्रीमंतांचे चोचले!’ उलट आहे, महाशय. श्रीमंत माणूस घरात गाळणयंत्र बसवील, बाटलीतले पाणी विकत घेईल, फार झाले तर गाव सोडून जाईल. विहिरीशी बांधलेला आहे तो गरीब. बाटलीतले पाणी त्याला परवडत नाही आणि आईच्या दुधाला गाळणी नसते. इटलीच्या श्रीमंत प्रांताने सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवल्या, दूरच्या स्वच्छ स्रोतांतून नळ आणले. आमच्या नळपाणी योजना त्यासाठी पैसा कोठून आणतील?

आणि चौथे उत्तर आमच्याच अंगणातून येते. ‘फादर, तुम्ही मिस्सा करा, प्रार्थना सांगा, रसायनशास्त्र तुमचे काम नाही.’ 2015 साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे बजावले आहे. पण परिपत्रकाचा आधार कशाला हवा? बालकाच्या मस्तकावर पाणी ओतून आम्ही त्याला बाप्तिस्मा देतो. ते पाणी कोणत्या विहिरीचे, हे विचारण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला ते ओतण्याचा तरी अधिकार कसा उरेल? याच वसईत पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी हरित वसईचा लढा उभा राहिला. त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. त्यांनाही हेच ऐकवले गेले होते. बावखले बुजली, रहाट थांबले, तेव्हा आम्हांपैकी किती जण त्यांच्या पाठीशी होतो, याचा हिशेब आम्ही मनाशी करावा.

आमच्या मागण्या फार नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या रसायनांची मर्यादा घातली जावी. कारखान्याने कोणती फ्लोरिन रसायने किती बनवली आणि सांडपाण्यातून किती सोडली, हे दरसाल मराठीत जाहीर व्हावे. औद्योगिक वसाहतींभोवतीच्या गावांचे पाणी आणि कामगारांचे रक्त सरकारी खर्चाने तपासले जावे आणि अहवाल ज्याचा त्याच्या हाती पडावा. तपासणी हा कोणाविरुद्ध निवाडा नव्हे. ज्याचे सांडपाणी निर्मळ आहे, त्याने तर तिचे स्वागतच करायला हवे.

पिलाताने लोकांसमक्ष हात धुतले आणि तो मोकळा झाला, असे त्याला वाटले. आमचे राज्यकर्ते, अधिकारी आणि आम्ही स्वतःही त्याच घंगाळापाशी उभे आहोत. वाचकहो, येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या विहिरीचा हा प्रश्न लेखी विचारा, त्याची पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. विहिरीत पाव पडला म्हणून ज्यांच्या पूर्वजांना गावाने वाळीत टाकले असे सांगतात, त्यांनी तरी विहिरीत काय पडते आहे याची चौकशी सर्वांत आधी करायला हवी.