पहिलींतले चिंचोके

पहिल्या इयत्तेंतील मुलाची वही कोरी दिसली, कीं पालक विचारतात, "आज वर्गांत कांहींच झालें नाहीं काय?" हा प्रश्न आम्हांस अन्यायाचा वाटतो. सात चिंचोक्यांचे कधीं पांच व दोन, कधीं चार व तीन असे ढीग ज्यानें मांडले, त्यानें बेरीज बोटांनीं जाणली. ती वहींत कशी दिसावी? ही युक्ति नवी नव्हे. १९४५ सालीं बोर्डी येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालवाडी चालविली, तेव्हां मॉंटेसरी पद्धतीच्या महाग साधनांऐवजीं शिंपले, बिया, पानें हींच हातीं घेतलीं. (फी भरणाऱ्यांस हें फार स्वस्त वाटेल!) लेखणी सांवरण्यास कोवळ्या बोटांना अवधि लागतो. तोंवर पालकांनीं वहीआधीं मुलाचा खिसा तपासावा. एखाददुसरा चिंचोका त्यांत खात्रीनें सांपडेल.